मीटिंग पुढे गेली की पुढे आली?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच दुखण्याची निघाली. ठरलेली तारीख हलली, की ते इंग्रजीत कळवायचं कसं? त्यामुळे ॲपॉस्ट्रॉफीवाले वाचक आणि 'रिव्हर्ट बॅक'वाले काका, तुमची उत्तरं पुढच्या अंकात. आता हा 'पुढच्या' शब्दसुद्धा जरा जपूनच लिहिते आहे.

प्रश्न : मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. आमचा क्लायंट इंग्लंडचा. बुधवारचा डेमो तयार होईना, म्हणून तो शुक्रवारवर गेला. मी मेल केला, 'वेन्सडेज डेमो हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड बाय टू डेज.' सोमवारी दुपारी क्लायंटकडचे पाच जण कॉलवर येऊन बसले आणि आमच्याकडचं कोणीच नाही. मॅनेजरनी सगळ्यांसमोर सुनावलं. माझं चुकलं काय ते मला अजून कळत नाही. डेमो पुढे गेला, तर 'फॉरवर्ड'च म्हणणार ना?
एक वाचक, वाकड

उत्तर : तुझ्या वयाची माझी सून आहे, म्हणून 'तू'च म्हणते. चूक तुझीच आहे. पण मॅनेजरना सांग, ही चूक एका बाईनं १९८४ सालीच करून ठेवली आहे. ती बाई मी.

तेव्हा मी भोसरीतल्या एका मशीन टूल्सच्या कारखान्यात, एक्स्पोर्ट विभागात नुकती लागले होते. साहेब मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचे, आणि तातडीचं असलं की टेलेक्स करायचे. टेलेक्स तू पाहिला नसशील, टाइप केलेला मजकूर तारेवरून पाठवायचं यंत्र ते. लाइन जोडलेली असेपर्यंत पैसे मोजावे लागत. म्हणून मजकूर आधी कागदी पट्टीवर भोकं पाडून तयार ठेवायचा आणि लाइन लागली की पट्टी सोडून द्यायची. शब्द जितके कमी तितके साहेब खूश.

इंग्लंडच्या गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर १८ तारखेला आमची लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, तपासायला येणार होता. कास्टिंग यायला उशीर झाला. साहेब म्हणाले, "बाई, इन्स्पेक्शन आठवडाभर पुढे गेलंय म्हणून कळवून टाका." मी कळवलं, 'इन्स्पेक्शन ब्रॉट फॉरवर्ड बाय वन वीक.' सहा शब्दांत काम झालं म्हणून स्वतःवरच खूश होऊन घरी गेले.

११ तारखेला सकाळी गेटवरून वॉचमनचा फोन आला, "मॅडम, एक गोरा साहेब आलाय." आदल्या संध्याकाळच्या डेक्कन क्वीननं मुंबईहून आलेला. त्या घटकेला लेथचा बेड शॉपच्या एका टोकाला, हेडस्टॉक दुसऱ्या टोकाला, आणि स्पिंडल अजून ग्राइंडिंगला. साहेबांनी टेलेक्सची प्रत मागवली, दोनदा वाचली आणि मला म्हणाले, "बरोबर तर आहे. पुढे म्हणजे फॉरवर्ड." म्हणजे चूक त्यांनाही दिसली नाही! दोन मराठी माणसं त्या सहा शब्दांकडे बघत उभी, आणि समोर तिसरा, घामानं निथळणारा, तेच सहा शब्द वाचून बरोबर उलट्या तारखेला हजर.

गृहस्थ शांत होते. त्यांनी एका पाकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं एक माणूस काढला आणि त्याच्याकडे तोंड करून येणारी एक बस काढली. म्हणाले, हा मी, आणि ही बस म्हणजे इन्स्पेक्शन. बस फॉरवर्ड सरकली तर कुठे येईल? माझ्याजवळ. जवळ म्हणजे लवकर.

माझ्या डोक्यातल्या चित्रात बस नव्हतीच. तिथे मी स्वतः रस्त्यानं चालत होते. मी जिकडे तोंड करून चालते तिकडे पुढे. पुढे म्हणजे अजून यायचे दिवस. इन्स्पेक्शन ही रस्त्यावर पडलेली एक पेटी. ती पुढे ढकलली की माझ्यापासून लांब गेली. आपला 'पुढे ढकलणे' हा शब्दप्रयोग अगदी असाच आहे. ढकलणारा मागे उभा, वस्तू समोर.

'ब्रिंग' या शब्दाकडे नीट बघितलं असतं तरी आम्ही वाचलो असतो. ब्रिंग म्हणजे आणणे. आणणे नेहमी आपल्याकडे होतं. लांब करणं म्हणजे नेणं किंवा ढकलणं. तारीख 'आणली' असं म्हटलं, की ती आपल्याजवळ आली, म्हणजे आधीची झाली. तुझा डेमो तू आणला नाहीस, ढकललास.

आता तू म्हणशील, इंग्रजांना तरी हे सगळं सरळ दिसतं का? तर नाही. २००२ साली लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅमस्कार या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजी बोलणाऱ्यांनाच विचारलं होतं, बुधवारची मीटिंग दोन दिवस 'मूव्ह्ड फॉरवर्ड' झाली आहे, तर ती आता कोणत्या वारी? तुझं पत्र वाचताना मला हसू आलं ते यासाठी, तुझेही वार नेमके तेच. उत्तरं दोन्ही आली, सोमवार आणि शुक्रवार. गंमत पुढे आहे. हाच प्रश्न त्यांनी विमानतळावर विचारला, तेव्हा कुणाला तरी घ्यायला येऊन थांबलेल्यांपेक्षा नुकत्याच विमानातून उतरलेल्यांत 'शुक्रवार' म्हणणारे जास्त निघाले. ज्याचा प्रवास नुकता झालाय त्याला आपण काळातून चाललोय असं वाटतं, आणि जो एका जागी ताटकळलाय त्याला वाटतं काळच आपल्याकडे येतोय. म्हणजे बस आणि पेटी ही दोन्ही चित्रं त्यांच्याही डोक्यात आहेत. फरक एवढाच, की 'मूव्ह्ड फॉरवर्ड' संदिग्ध असलं तरी तारखेबद्दल 'ब्रॉट फॉरवर्ड' लिहिलं की ब्रिटिश माणूस एकच अर्थ घेतो, ठरल्यापेक्षा आधी. तिथे तुला सबब नाही.

तरी तुझ्या बाजूनं दोन गोष्टी नोंदवून ठेवते.

आमच्या अकाउंट्समधल्या देशपांडेछाप गृहस्थांनी, म्हणजे धोतर नव्हतं पण बाकी सगळं होतं, माझी बाजू घेतली होती. खतावणीचं पान संपलं की खालची बेरीज दुसऱ्या पानाच्या डोक्यावर घेतात आणि तिथे लिहितात 'ब्रॉट फॉरवर्ड', थोडक्यात बी/एफ. मराठी वह्यांत 'मागील पानावरून' लिहायचे तेच. तिथे फॉरवर्ड म्हणजे पुढचं पान, नंतरचं पान. तेच दोन शब्द वहीत नंतरकडे नेतात आणि कॅलेंडरवर आधीकडे. गृहस्थांचं म्हणणं, चूक बाईंची नाही, भाषेची आहे. साहेबांनी ऐकून घेतलं. इन्क्रिमेंटवर परिणाम झाला नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची, आणि ती हिंजवडीत तुला दर वर्षी भोवते. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास 'फॉरवर्ड' करतात. म्हणजे एक वाजले असताना दोन करतात. इथे फॉरवर्ड आपल्या मराठी 'पुढे'सारखंच आहे. पण त्यानं होतं काय? त्यांची सकाळी ९ची मीटिंग हिवाळ्यात तुमच्याकडे दुपारी अडीचला असते, ती सोमवारपासून दीडला येते. त्यांनी घड्याळ पुढे केलं आणि तुमची मीटिंग अलीकडे आली! ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ मागे घेतात आणि तुम्हाला जेवायला तासभर परत मिळतो.

वरच्या परिच्छेदात मी 'अलीकडे' लिहिलं, तोच तुझ्यासाठी उपाय. मराठीत 'पुढे'ऐवजी अलीकडे-पलीकडे असा विचार कर. बसमध्ये आपण म्हणतो ना, लकडी पुलाच्या अलीकडे उतरा, पलीकडे नको. अलीकडे म्हणजे पूल यायच्या आधी, आपण जिथून येतो त्या बाजूला. तारीख ठरलेल्या दिवसाच्या अलीकडे आली तर 'ब्रॉट फॉरवर्ड'. पलीकडे गेली तर 'पोस्टपोन्ड', 'पुट ऑफ', किंवा हल्ली सगळे लिहितात ते 'पुश्ड बॅक'. या 'बॅक'नं पुन्हा घोळ होतो. मराठी माणूस 'बॅक' वाचून म्हणतो मागे, म्हणजे आधी. पण बस मागे सरकली की आपल्यापासून लांब जाते, म्हणजे उशिरा. शंका आली की बस आठव.

हल्ली मराठीतच 'परीक्षेची तारीख पुढे आणली' असं ऐकू येतं, लवकर घेतली या अर्थानं. इंग्रजीचं ते शब्दशः भाषांतर. ऐकणारा अर्धवट ऐकून 'पुढे' एवढंच पकडतो आणि निवांत झोपतो. कृपा करून 'अलीकडे घेतली' म्हणा.

आणि 'पुढे म्हणजे नंतर' ही काही सृष्टीतली एकमेव सोय आहे असंही समजू नकोस. संस्कृतात 'पूर्व' म्हणजे समोरचं, आणि 'पूर्व' म्हणजेच आधीचं. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की समोर पूर्व, उजवीकडे दक्षिण आणि पाठीमागे पश्चिम. 'पश्चात' म्हणजे मागे आणि 'पश्चात' म्हणजेच नंतर. त्या हिशेबानं आधीचं सगळं समोर आणि नंतरचं पाठीशी. 'पूर्वी' आणि 'पश्चात' आपण रोज वापरतो आणि त्याच श्वासात 'पुढच्या आठवड्यात' म्हणतो, कुणाचं काही अडत नाही. अडतं ते फक्त भाषा ओलांडताना.

प्रत्यक्षात मी त्या दिवसानंतर काय केलं ते सांगते, कारण तुला सोमवारी पुन्हा मेल लिहायचाच आहे. नोकरी संपेपर्यंत मी तारखेच्या पत्रात 'फॉरवर्ड' हा शब्द लिहिला नाही. जुनी तारीख, नवी तारीख, दोन्हींचे वार आणि 'अर्लियर' किंवा 'लेटर' यांपैकी एक शब्द. 'द डेमो प्लॅन्ड फॉर वेन्सडे, १० जून, विल नाउ बी हेल्ड टू डेज लेटर, ऑन फ्रायडे, १२ जून.' महिना अक्षरांत लिही. १०/६ लिहिलंस तर इंग्रज १० जून वाचेल आणि उद्या क्लायंट अमेरिकन आला तर तो ६ ऑक्टोबर वाचेल. वाक्य लांबतं, लांबू दे. टेलेक्सचे पैसे आता पडत नाहीत.

इन्स्पेक्टरचं पुढे काय झालं ते राहिलंच. साहेबांनी त्यांना सिंहगडावर नेलं, पिठलं-भाकरी आणि दही खाऊ घातलं, आणि दोन दिवसांनी मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. २५ तारखेला दुसराच माणूस आला. तो पहिल्यापेक्षा कडक होता.

प्रश्न : आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा २७ सप्टेंबरला ठरली होती, ती २० तारखेला घ्यायची आहे. इंग्रजी नोटिशीत मी 'द एजीएम इज प्रीपोन्ड' असं लिहिलं. अमेरिकेत राहणाऱ्या एका सभासदांनी कळवलं की असा शब्दच नाही. खरं काय?
एक सचिव, कर्वेनगर

उत्तर : सचिवसाहेब, शब्द आहे आणि तो आपला आहे. लॅटिनमध्ये 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. 'पोस्ट' म्हणजे नंतर, म्हणून पोस्टपोन. मग 'प्री' लावून आधी ठेवायला काय हरकत? भारतीयांनी ते केलं, आणि मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत 'भारतीय इंग्रजी' अशी पाटी लावून का होईना, तो शब्द बसला आहे. मला स्वतःला तो 'ब्रॉट फॉरवर्ड'पेक्षा शंभर पटींनी स्वच्छ वाटतो. वरची सगळी रामकहाणी 'प्रीपोन' वापरणाऱ्याच्या वाट्याला येतच नाही.

पण पत्र ज्याला लिहायचं त्याला कळलं पाहिजे. तुमचे सभासद अमेरिकेत आहेत, तिथे 'मूव्ह्ड अप' म्हणतात. त्यांच्यासाठी सरळ लिहा, 'द एजीएम विल बी हेल्ड ऑन २० सप्टेंबर इन्स्टेड ऑफ २७ सप्टेंबर.'

आता तुम्ही न विचारलेलं. भाषेचा प्रश्न सुटला तरी सभा अशी नुसत्या एका ओळीनं अलीकडे घेता येईल का, ते आधी बघा. वार्षिक सभेच्या नोटिशीला उपविधींप्रमाणे पूर्ण १४ दिवस लागतात, आणि इंग्रजी प्रतीत त्याला 'क्लिअर डेज' म्हटलंय. क्लिअर म्हणजे नोटीस काढल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचाही धरायचा नाही, मधले १४ मोजायचे. २७साठी काढलेल्या नोटिशीचे दिवस २०ला पुरतातच असं नाही. पुरत नसतील, तर वार्षिक सभा घ्यायची ३० सप्टेंबरची मुदत सांभाळून २७च ठेवा. नाहीतर त्या अमेरिकेतल्या सभासदांना शब्दापेक्षा मोठा मुद्दा सापडेल.

आणि 'प्रीपोन' परका वाटणाऱ्यांसाठी एक आठवण. लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणुकीत लाखो पुणेकर दर वर्षी ओरडून तीच मागणी करतात, पुढच्या वर्षी लवकर या! बाप्पा ऐकतातही. २०२३ साली गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४ला ७ सप्टेंबरला, २०२५ला २७ ऑगस्टला. दोन वर्षं ओळीनं प्रीपोन. २०२६ साली मात्र अधिक ज्येष्ठ आल्यामुळे थेट १४ सप्टेंबर. आदल्या वर्षी 'लवकर या' कुणी पुरेसं जोरात म्हटलं नसावं.

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. निबंधात 'द गव्हर्नमेंट इज प्लॅनिंग फॉर बिल्डिंग' असं लिहिलं, तर सरांनी लाल केलं. 'प्लॅन टू', 'प्लॅन ऑन' आणि 'प्लॅन फॉर', कुठे काय?
एक विद्यार्थी

उत्तर : सरांनी योग्य केलं. तुमच्या वाक्यात मराठी 'बांधण्यासाठी' डोकावतंय. 'साठी' दिसलं की आपला हात 'फॉर'कडे जातो. तसंच 'जायचा बेत' यातल्या 'चा'मुळे अनेक जण 'प्लॅन ऑफ गोइंग' लिहितात. पुढे क्रियापद असेल तर निबंधात डोळे मिटून 'प्लॅन टू बिल्ड'. 'प्लॅन ऑन बिल्डिंग'ही बरोबर आहे, पण ते बोलण्यातलं, जरा सैल. निबंधाला नको. 'फॉर'च्या पुढे नाम येतं, आणि अर्थ होतो त्या गोष्टीची तयारी किंवा तरतूद. 'प्लॅन फॉर अ ड्राउट', दुष्काळाची तरतूद. इथे 'टू' लावता येणार नाही, दुष्काळ पाडायचा बेत कोणी करत नाही.

'प्लॅन ऑन'चा आणखी एक उपयोग आहे तो मात्र सुंदर आहे, नकारात. 'वी हॅडन्ट प्लॅन्ड ऑन रेन.' म्हणजे पाऊस आम्ही धरलाच नव्हता. मराठीतलं हे 'धरलं नव्हतं' तिथे तंतोतंत बसतं. जून महिन्यात पुण्यात दुचाकीवर रेनकोटशिवाय निघालेल्या कुणालाही विचारा.

'ॲडव्हान्स प्लॅनिंग' आणि 'फ्यूचर प्लॅन्स' हेही निबंधात दिसलं. आखणी आधीच असते आणि बेत उद्याचाच असतो. पहिला शब्द खोडा, शब्दमर्यादेत दोन शब्द वाचतील.

प्रश्न : 'नेक्स्ट फ्रायडे' म्हणजे हा येणारा शुक्रवार की त्यानंतरचा? घरात आमचे दोन पक्ष आहेत.
एक वाचक, सहकारनगर

उत्तर : इंग्रजांच्या घरातही दोनच पक्ष आहेत. बरेच जण येत्या शुक्रवारला 'धिस फ्रायडे' आणि त्यानंतरच्याला 'नेक्स्ट फ्रायडे' म्हणतात, पण सगळे नाही. मराठीत 'येत्या शुक्रवारी' म्हटलं की वाद मिटतो, 'पुढच्या शुक्रवारी' म्हटलं की सुरू होतो. तेव्हा तारीख लिहा.

बोलताना आपण मराठी माणसं याहून मोठी कसरत बिनबोभाट करतो. 'परवा' हा एकच शब्द होऊन गेलेल्या दिवसालाही आणि यायच्या दिवसालाही. 'परवा आला होता', 'परवा येईल'. क्रियापद सांभाळून घेतं. फक्त क्रियापद गाळून चिठ्ठी लिहू नये. आमच्या प्लंबरनं मागच्या महिन्यात दाराला चिठ्ठी लावली होती, 'परवा. बेल वाजवली.' तो येऊन गेला की येणार आहे, याचा उलगडा अजून झालेला नाही. नळ गळतो आहे.